जखमेकडे पाहणारे डोळे

छत्तीसगडमधल्या भिलाईत कुणाला भाजले, कुणी पडले, कुणाच्या छातीत दुखू लागले की शेजारीपाजारी एकच सांगतात, 'सेक्टर नाइनला न्या.' पोलाद कारखान्याच्या या रुग्णालयाचे पूर्ण नाव जवाहरलाल नेहरू रुग्णालय व संशोधन केंद्र. पण वसाहतीच्या क्रमांकानेच ते ओळखले जाते. १९५५ च्या फेब्रुवारीत सोव्हिएत संघाशी करार झाला आणि १९५९ च्या फेब्रुवारीत राष्ट्रपती राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते पहिल्या झोतभट्टीचे उद्घाटन झाले. त्यानंतर या गावाचे सारे जगणे वितळलेल्या लोखंडाच्या आसपास मांडले गेले. विदर्भातून नोकरीसाठी आलेली मराठी घरेही त्यातलीच. जिथे भट्ट्या आहेत तिथे भाजणे आहे, म्हणून सेक्टर नाइनचा जळीत कक्ष लांबवर परिचित आहे. ९ ऑक्टोबर २०१८ रोजी कोक ओव्हन विभागातल्या वायुवाहिनीवर स्फोट झाला, तेव्हा होरपळलेले कामगार इथेच आणले गेले.

रुग्णसेवा करता करता चित्र काढणे आणि त्या चित्र काढण्याला साधना मानणे, या विषयाकडे जायला जळीत कक्ष हा सगळ्यांत सरळ रस्ता आहे, असे मला वाटते. कारण तिथे उपचाराची सुरुवातच एका चित्राने होते.

जळीत रुग्ण आला की श्वास, नाडी, सलाइनची धावपळ चालू असतानाच एक कागद पुढे ओढला जातो. त्यावर माणसाच्या शरीराच्या दोन बाह्यरेषा छापलेल्या असतात, एक समोरून आणि एक पाठीमागून. भाजलेला भाग पाहून त्या आकृतीत तो छायांकित करायचा असतो. वरवरचे भाजणे एका रंगाने, खोल भाजणे दुसऱ्या रंगाने. लुंड आणि ब्राउडर या अमेरिकन डॉक्टरांनी १९४४ मध्ये हा तक्ता मांडला. घाईच्या वेळी मोठ्या माणसासाठी 'नवाचा नियम' पुरतो. डोके-मान ९ टक्के, एकेक हात ९, एकेक पाय १८, छाती-पोट १८, पाठ १८ आणि उरलेला १ टक्का जननेंद्रियांचा. लहान मुलाचे डोके मात्र शरीराच्या मानाने मोठे आणि पाय आखूड असतात, म्हणून वयाप्रमाणे टक्के बदलावे लागतात. रंगवलेला भाग किती टक्के भरतो त्यावर पहिल्या २४ तासांत किती सलाइन द्यायचे हे ठरते. चित्र चुकले तर औषध चुकते.

पुढचे दिवस रंग वाचण्याचे. जखम गुलाबी आणि ओलसर आहे, बोटाने दाबल्यावर पांढरी होऊन पुन्हा रंग भरते आहे, म्हणजे भाजणे वरवरचे आहे आणि त्वचा आपली आपण भरून येईल. पांढुरकी, मेणचट दिसते, दाबल्यावर रंग बदलत नाही, म्हणजे खोल गेले आहे. तपकिरी-काळी, चामड्यासारखी कडक झालेली त्वचा पुरती जळालेली असते. तिथे रुग्ण दुखतेय म्हणतही नाही, कारण वेदना वाहून नेणाऱ्या नसाच जळालेल्या असतात. जुनी पट्टी सोडवताना तिच्यावर हिरवट छटा दिसली की स्यूडोमोनास या जिवाणूची शंका येते. पट्टी बदलणाऱ्या परिचारिकेला हे सगळे रुग्ण कळवळत असताना पाहायचे असते. नजर फिरवून चालत नाही, आणि हातही थांबवून चालत नाही.

अशा कामावरून घरी आल्यावर कुणी रंग घेऊन बसते तेव्हा आपण सहज म्हणतो, विरंगुळा हवाच माणसाला. विरंगुळा हवा, हे खरे. पण मला वाटते, इथे त्याहून खोल काही घडत असते. रुग्णाजवळ जे करावे लागते, म्हणजे समोरच्यावर नजर स्थिर ठेवणे, किळस आणि घाई बाजूला ठेवणे, दिसते तेच नोंदवणे, ते सगळे चित्रकलाही मागते. फरक इतकाच की कागदासमोर कुणी कण्हत नसते, म्हणून तिथे ही नजर शांतपणे घडवता येते. साधना म्हणजे रोज ठरल्या वेळी बसून एखादी शक्ती घडवत राहणे. चित्र काढणाऱ्या शुश्रूषकाची साधना नजरेची असते.

हा विचार आपल्या मातीत पंधराशे वर्षांपूर्वीही होता, आणि तो भिंतीवर रंगवलेला आहे. अजिंठ्याची १६ वी लेणी वाकाटक राजा हरिषेणाचा मंत्री वराहदेव याने पाचव्या शतकात भिक्षुसंघाला दिली. तिच्या भिंतीवर नंदाची कथा आहे. बुद्धाचा भाऊ नंद राजमुकुट सोडून भिक्षू होतो. तो मुकुट सेवक घेऊन येतो, आणि त्याची पत्नी सुंदरी ते पाहून कोसळते. 'मरणोन्मुख राजकन्या' या नावाने हा प्रसंग प्रसिद्ध आहे. १८७२ पासून तेरा वर्षे मुंबईच्या जे. जे. कलाशाळेचे विद्यार्थी घेऊन अजिंठ्याच्या चित्रांच्या प्रतिकृती करणारे जॉन ग्रिफिथ्स या चित्रापुढे अक्षरशः भारावून गेले होते. राजकन्येची मान झुकलेली, डोळे अर्धे मिटलेले, बोटे लुळी पडलेली. हे वर्णन बहुतेक पुस्तकांत सापडते. माझे लक्ष तिच्या भोवतालच्या बायकांकडे जाते. एक तिला मागून सावरून धरते आहे. एक वारा घालते आहे. एक तिचा हात हातात घेऊन चेहरा निरखते आहे. ती नाडी पाहते आहे, असे ग्रिफिथ्स यांना वाटले होते. चित्रकाराने या बायकांच्या हालचालींना जी जागा दिली आहे, ती पाहता आजाऱ्याजवळ कसे बसतात हे त्याने पुष्कळदा पाहिले असावे. या लेण्यांत राहणाऱ्या भिक्षूंसाठी ती भिंत सजावट नव्हती. ते तिच्यासमोर राहत होते, झोपत होते, ध्यानाला बसत होते.

आणि आजारी माणसाची सेवा हा त्यांच्या नियमांचा भाग होता. विनयपिटकात एक प्रसंग आहे. अतिसाराने आजारी एक भिक्षू आपल्याच घाणीत पडलेला बुद्धाला दिसतो. इतर भिक्षू त्याच्याकडे फिरकत नाहीत, कारण त्याचा त्यांना काही उपयोग नसतो. बुद्ध पाणी ओततो, शिष्य आनंद अंग धुतो, एकाने डोक्याकडून आणि एकाने पायांकडून उचलून दोघे त्याला बिछान्यावर नेतात. मग बुद्ध संघाला सांगतो की माझी सेवा करावी असे ज्याला वाटते त्याने आजाऱ्याची सेवा करावी. पुढे चांगल्या शुश्रूषकाचे पाच गुण दिले आहेत. औषध तयार करता येणे, काय द्यावे आणि काय देऊ नये हे कळणे, लोभाने नव्हे तर मैत्रभावाने सेवा करणे, मळ-मूत्र-थुंकी-वांती उचलताना किळस न वाटणे आणि आजाऱ्याला योग्य वेळी धर्मातले चार शब्द सांगून धीर देणे. नर्सिंगच्या आजच्या पाठ्यपुस्तकालाही यात फारसे काही वगळावे लागणार नाही. किळस न वाटणे हा गुण मला सगळ्यांत कठीण वाटतो, आणि तोच चित्रकाराचाही पहिला धडा आहे. समोर दिसते त्यात सुंदर-कुरूप अशी निवड आधीच करून टाकली, तर हात खोटे काढू लागतो.

आपल्या काळात हे दोन्ही एका आयुष्यात कसे नांदतात, याचे सगळ्यांत भक्कम मराठी उदाहरण म्हणजे सुधीर पटवर्धन. जन्म १९४९, पुणे. पुण्याच्या सशस्त्र सेना वैद्यकीय महाविद्यालयातून १९७२ मध्ये ते डॉक्टर झाले. दुसऱ्या वर्षी मुंबईला आले, आणि १९७५ पासून २००५ पर्यंत ठाण्यात क्ष-किरणतज्ज्ञ म्हणून व्यवसाय केला. तीस वर्षे! कलाशाळेची पदवी नाही. चित्रकला ते स्वतः पाहून, वाचून, करून शिकले. १९८१ च्या 'प्लेस फॉर पीपल' या प्रदर्शनात भूपेन खख्खर, गुलाममोहम्मद शेख, नलिनी मलानी, विवान सुंदरम, जोगेन चौधरी यांच्याबरोबर त्यांची चित्रे होती. अमूर्त चित्रांचा दबदबा असलेल्या त्या दिवसांत साध्या माणसांना चित्रात जागा मागणारे ते प्रदर्शन भारतीय चित्रकलेच्या इतिहासात महत्त्वाचे मानले जाते. त्यात दिवसा ठाण्याच्या रुग्णांच्या फिल्म वाचणारा एक डॉक्टर होता, ही गोष्ट मात्र क्वचित सांगितली जाते.

क्ष-किरणतज्ज्ञाचे काम काय असते? जाडी असलेले शरीर सपाट फिल्मवर उतरते. बरगडी, हृदय, फुप्फुस एकमेकांवर पडलेल्या सावल्या होतात. त्या काळ्या-पांढऱ्या छटांमधून आत नेमके काय कुठे आहे, ते मनाने पुन्हा उभे करायचे. एखादी छटा असावी त्याहून किंचित दाट असेल तर थांबायचे. पटवर्धनांच्या 'इराणी रेस्टॉरंट' (१९७७) किंवा त्या काळातल्या इतर चित्रांतली माणसे पाहा. मजूर, प्रवासी, टेबलाशी एकटा बसलेला गृहस्थ, सगळे जड आहेत. त्यांच्या खांद्यांना वजन आहे, पोटाला आकार आहे, उभे राहण्यात थकवा आहे. फिल्मवर सपाट झालेल्या शरीराला त्याचे वजन परत देण्याचे काम हा माणूस संध्याकाळी करत होता, असे मला ही चित्रे पाहताना नेहमी वाटते. हा माझा अर्थ आहे; चित्रकारावर मी तो लादत नाही. पण डॉक्टरला रुग्ण बहुधा तुकड्यात भेटतो, एक गुडघा, एक मूत्रपिंड, एक छाती. 'टाउन' (१९८४) किंवा 'लोअर परळ' (२००१) अशा मोठ्या चित्रांत तोच माणूस आपल्या रस्त्यात, पुलावर, घरांच्या गर्दीत अख्खा परत येतो.

पटवर्धनांच्या चित्रांत देवादिक नाहीत, धूप-दीप नाहीत. त्यांच्या कामाला अध्यात्म म्हणावे का, असा प्रश्न कुणी विचारील. मी म्हणेन, जरूर. ज्याचा आपल्याशी काही संबंध नाही, ज्याच्याकडून काही मिळणार नाही, अशा माणसाकडे तीस-चाळीस वर्षे त्याच आदराने बघत राहणे ही विनयपिटकातल्या प्रसंगाची सख्खी बहीण आहे. आणि पाहण्याचे हे दान आपल्यापुरते न ठेवता त्यांनी २००८-०९ मध्ये 'विस्तारणारी क्षितिजे' हे समकालीन चित्रांचे प्रदर्शन महाराष्ट्रातल्या लहान-मोठ्या शहरांतून फिरवले. मूळ चित्रे ज्यांना कधी पाहायला मिळत नाहीत अशा लोकांपर्यंत ती नेली.

पटवर्धनांप्रमाणेच मुंबई सेंट्रलला दवाखाना चालवणारे डॉ. गीव्ह पटेल (१९४०-२०२३) हे कवी, नाटककार आणि चित्रकारही होते. त्यांनी चिरडलेली, मार खाल्लेली शरीरे रंगवली, आणि पुढे अनेक वर्षे विहिरीच्या काठावरून आत वाकून दिसणारे पाणी रंगवत राहिले. विहिरीची ती चित्रे पाहताना आपण काय पाहतो आहोत, आभाळ की तळ, हे ठरवता येत नाही. जनरल प्रॅक्टिशनरच्या खोलीत दिवसभर लोक एका वाक्यात आपली तक्रार सांगतात, आणि त्या वाक्याखाली किती खोल आहे हे डॉक्टरला वाकूनच पाहावे लागते.

आता पुन्हा छत्तीसगडकडे येऊ, कारण पाहण्यानेच अवयव वाचतो अशा एका आजाराचे रुग्ण इथे मराठी माणसांनी जन्मभर सांभाळले आहेत. भिलाईहून मुंबई-हावडा लोहमार्गाने पूर्वेकडे गेले की चांपा लागते. तिथे सोठी गावी सदाशिव गोविंद कात्रे यांनी १९६२ मध्ये भारतीय कुष्ठ निवारक संघ सुरू केला. कात्रे स्वतः कुष्ठरुग्ण होते. पुढे अमरावती जिल्ह्यातल्या पथ्रोटचे दामोदर गणेश बापट तिथे आले आणि तिथलेच झाले. २०१८ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. २०१९ च्या ऑगस्टमध्ये ते गेले तेव्हा त्यांच्या इच्छेप्रमाणे देहदान करण्यात आले.

कुष्ठरोगात बोटे 'झडतात' असे लोक समजतात. खरे कारण वेगळे आहे. जंतू नसांवर बसतात, हातापायांची संवेदना जाते, आणि माणसाला इजा झालेली कळतच नाही. चहाचा गरम पेला हात भाजतो, चपलेतला खिळा तळव्यात रुततो, चालून चालून जखम हाडापर्यंत जाते, आणि वेदना मात्र एकदाही इशारा देत नाही. औषधाने जंतू मरतात, पण गेलेली संवेदना बहुधा परत येत नाही. म्हणून रुग्णाला जन्मभराचा नियम शिकवतात. रोज रात्री हात-पाय उजेडात धरून पाहायचे. लाली, फोड, भेग, सूज. मग पाण्यात भिजवायचे, कठीण झालेली कातडी खरवडायची, तेल लावायचे. वेदनेचे काम डोळ्यांनी करायचे! शरीराच्या प्रत्येक बोटाकडे रोज असे लक्ष देणे, हे कुठल्याही ध्यानपद्धतीइतकेच अवघड आहे, आणि चुकले तर बोट जाते.

तमिळनाडूत चेंगलपट्टूजवळच्या भारतपुरम या कुष्ठवसाहतीत २००५ मध्ये ऑस्ट्रियाचे कलावंत वेर्नर डॉर्निक आणि पद्मा व्यंकटरामन यांनी 'बिंदू' ही चित्रशाळा सुरू केली. पूर्वी कधी ब्रश न धरलेली म्हातारी माणसे तिथे चित्रे काढू लागली, आणि ती चित्रे परदेशांतल्या प्रदर्शनांत गेली. या शाळेविषयी लिहिणारे तिथल्या आनंदाविषयी लिहितात, आणि ते योग्यच आहे. मला त्यात आणखी एक गोष्ट दिसते. ज्या हातांकडे वर्षानुवर्षे फक्त जखम शोधण्यासाठी पाहिले, त्याच हातांकडे आता रंग कुठे लावला हे पाहण्यासाठी पाहता येते.

मराठी मुलूख आणि मध्य भारतातली रुग्णसेवा यांना जोडणारा आणखी एक धागा पुण्याच्या एका आश्रमातून निघतो. ख्रिस्त सेवा संघ हा आश्रम जॅक विन्स्लो या मिशनऱ्याने १९२२ मध्ये अहमदनगरला सुरू केला आणि पुढे तो पुण्याला आला. खादी, शाकाहार, भारतीय पद्धतीची प्रार्थना. १९२७ मध्ये इंग्लंडहून व्हेरिअर एल्विन या आश्रमात आले. तिथेच त्यांची शामराव हिवाळे यांच्याशी मैत्री झाली, आणि १९३२ मध्ये दोघे मैकल डोंगररांगांत करंजियाला जाऊन राहिले. तो मुलूख आजच्या छत्तीसगडला लागून आहे. गोंडांसाठी शाळा, दवाखाना आणि कुष्ठरुग्णांसाठी निवास त्यांनी चालवला. एल्विन यांचे नाव जगभर झाले. दवाखान्यात रोजच्या रोज जखमा धुण्याचे, औषध देण्याचे काम शामरावांनी वर्षानुवर्षे केले, आणि त्यांचे नाव मराठी वाचकांनाही फारसे माहीत नाही, याची मला खरोखर खंत वाटते.

याच एल्विन यांनी पुढे ओडिशातल्या सावरा लोकांची भित्तिचित्रे नोंदवली. १९५१ आणि १९५५ च्या त्यांच्या पुस्तकांत ती सविस्तर आहेत. आपल्या वारली चित्रांची आठवण व्हावी अशी ही चित्रे तांबड्या मातीच्या भिंतीवर तांदळाच्या पांढऱ्या पिठाने काढतात. घरात कुणी आजारी पडले की देवऋषी अंगात आल्यावर सांगतो की अमुक मृत पूर्वज किंवा देव नाराज आहे आणि त्याला राहायला घर हवे आहे. ते घर म्हणजे भिंतीवरचे चित्र. चित्रकार आंघोळ करतो, खाण्यापिण्याचे नियम पाळतो, त्या भिंतीसमोर जमिनीवर झोपतो, आणि स्वप्नात दिसेल ते सकाळी काढू लागतो. चित्र झाले की देवाला बोलावून दाखवतात. देवऋषीच्या तोंडून तो म्हणतो, इथे झाड राहिले, इथे घोडा हवा. तेवढे वाढवले जाते. एल्विन यांच्या काळात या चित्रांत सायकली, आगगाड्या आणि विमानेही आली होती. पूर्वजालाही नव्या जगाची हौस असावी!

चित्राने ताप उतरतो का, हा प्रश्न इथे पुरेसा नाही. मलेरियाला औषधच लागते. पण आजाऱ्याच्या शेजारी, त्याच भिंतीवर, कुणीतरी नियम पाळून, जागून, त्याच्यासाठी काही घडवते आहे, घरचे सगळे त्याच्याभोवती जमले आहेत, त्याच्या दुखण्याला नाव आणि रूप मिळाले आहे. यातून रुग्णाला जे मिळते त्याला आपल्या रुग्णालयांत जागाच उरलेली नाही.

त्याच पुण्याच्या आश्रमपरंपरेत, ख्रिस्त प्रेम सेवा संघात, एका गोवेकर चित्रकाराने आयुष्याची बरीच वर्षे काढली. अँजेलो दा फोन्सेका (१९०२-१९६७) मूळ सांतु इश्तेव्हचे. मुंबईत वैद्यकीय शिक्षण सुरू केले होते. ते सोडून जे. जे.त गेले, आणि तिथून शांतिनिकेतनला अवनींद्रनाथ टागोर आणि नंदलाल बोस यांच्याकडे. त्यांची मेरी साडी नेसलेली, सावळी, आपल्या गावातल्या बाईसारखी. येशूही भारतीय. गोव्यात त्यावर टीका झाली, आणि त्यांनी पुण्याला आश्रम जवळ केला. चित्र काढणे हीच त्यांची उपासना होती. डॉक्टर व्हायला निघालेला मुलगा चित्रकार झाला, हे त्या काळातल्या कुटुंबाला नुकसान वाटले असेल. फोन्सेकांच्या जलरंगांतल्या मायलेकरांकडे पाहताना मला मात्र वाटते, तो मुलगा शुश्रूषेपासून फार दूर गेलाच नाही.

जळीत कक्षापासून सुरुवात केली, म्हणून आगीचेच आणखी एक चित्र सांगितले पाहिजे. फ्रान्समधल्या कोलमार गावच्या उंटरलिंडन संग्रहालयात आज ते आहे. मूळचे ते जवळच्या इझेनहाइमच्या मठातले. मध्ययुगीन युरोपात राईच्या कणसांवर अरगट नावाची बुरशी वाढे. त्या पिठाची भाकरी खाल्ली की रक्तवाहिन्या आकसत, हातापायांत जाळ झाल्यासारख्या वेदना होत, मग बोटे काळी पडून गळत. लोक त्याला 'संत अँथनीचा अग्नी' म्हणत. या रुग्णांची सेवा करणाऱ्या मठासाठी माथियास ग्रुनेवाल्ड याने १५१२ ते १५१६ या काळात वेदीमागचा प्रचंड चित्रफलक रंगवला. क्रुसावरच्या येशूचे सारे अंग त्यात फोडांनी आणि काट्यांनी भरलेले आहे, त्वचा हिरवट पडली आहे, बोटे वेदनेने ताठली आहेत. आलेल्या रुग्णाला आधी या चित्रासमोर आणत. रुग्णाने आपली त्वचा देवाच्या अंगावर पाहावी, म्हणून ती तशी रंगवली असे मानले जाते. ग्रुनेवाल्डने त्या मठातल्या जखमा जवळून पाहिल्याशिवाय हा रंग सापडणे मला अशक्य वाटते.

याच्या उलट टोकाला चित्रकार आंरी मातिस. १९४१ मध्ये कर्करोगाच्या शस्त्रक्रियेनंतर त्यांना फार वेळ उभे राहवत नसे. १९४२ मध्ये नीसला रात्रीच्या शुश्रूषेसाठी मोनिक बुर्जुआ ही नर्सिंग शिकणारी तरुणी त्यांच्याकडे आली. तिला चित्राची आवड होती. पुढे ती जोगीण झाली, सिस्टर जाक-मारी झाली, आणि व्हान्स गावात प्रार्थनागृह बांधायचे ठरले तेव्हा तिने काढलेल्या एका रेखाटनावरून मातिस त्या कामात ओढले गेले. म्हाताऱ्या मातिसने लांब बांबूच्या टोकाला कोळसा बांधून भिंतींची रेखाटने केली. खिडक्यांत फक्त पिवळी, हिरवी आणि निळी काच. २५ जून १९५१ रोजी त्या प्रार्थनागृहाचा अर्पणविधी झाला. रुग्ण आणि परिचारिका या नात्यातून इतके काही उभे राहिल्याचे दुसरे उदाहरण मला माहीत नाही.

चित्र आणि नजर यांचे हे नाते आधुनिक वैद्यकानेही तपासून पाहायला सुरुवात केली आहे. येल विद्यापीठातले त्वचारोगतज्ज्ञ आयर्विन ब्रेव्हरमन यांना दिसले की विद्यार्थी यंत्रांचे अहवाल वाचतात, पण रुग्णाकडे नीट पाहत नाहीत. १९९८ च्या सुमारास त्यांनी पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्यांना चित्रसंग्रहालयात नेले. एकेका विद्यार्थ्याला एकेक अनोळखी चित्र द्यायचे, ते बराच वेळ पाहायला लावायचे, आणि मग फक्त दिसते ते सांगायला लावायचे. अर्थ नंतर. 'ती दुःखी आहे' असे म्हणायचे नाही, भुवई कशी आहे ते सांगायचे. २००१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या अहवालात असे दिसले की या मुलांनी त्वचारोगाच्या छायाचित्रांतले बारकावे इतरांपेक्षा अधिक चांगले टिपले. त्यानंतर अनेक वैद्यकीय महाविद्यालयांनी असे वर्ग सुरू केले.

चित्र काढण्याचा काढणाऱ्यावर काय परिणाम होतो, यावर गिरिजा कैमल आणि सहकाऱ्यांचा २०१६ चा अभ्यास बऱ्याचदा सांगितला जातो. ३९ प्रौढांना ४५ मिनिटे माती, रंगीत पेन, कागदाचे तुकडे यांतले हवे ते घेऊन हवे ते करू दिले आणि आधी व नंतर लाळेतले कॉर्टिसॉल मोजले. सुमारे तीन चतुर्थांश लोकांत ते उतरले. पूर्वी चित्र काढण्याचा अनुभव असणे-नसणे यामुळे फरक पडला नाही. यावरून फार मोठे दावे करू नयेत. गट लहान होता, तुलनेसाठी दुसरा गट नव्हता, आणि सुमारे एक चतुर्थांश लोकांत कॉर्टिसॉल तसेच राहिले किंवा वाढले. चित्रकलेने आजार बरे होतात असे सांगणाऱ्या जाहिरातींपासून लांबच राहावे. पण 'मला कुठे चित्र येते' म्हणणाऱ्या परिचारिकेसाठी त्यातला अनुभवाचा मुद्दा कामाचा आहे.

१२ मे हा परिचारिका दिन. त्या दिवशी बऱ्याच रुग्णालयांत चित्रस्पर्धा होतात, विषय ठरलेला असतो, बक्षिसे असतात, छायाचित्रे निघतात. त्याला माझी हरकत नाही, पण साधना वर्षातून एकदा होत नाही. ड्यूटी रूमच्या जवळ एक लहान खोली, लांब टेबल, जाड कागद, जलरंगांच्या डब्या, पाणी टाकायला मोरी, आणि पाळी संपल्यावर ज्याला बसायचे त्याला बसता येईल एवढी मोकळीक. यापेक्षा जास्त काही लागत नाही. विषय देऊ नयेत. एकच नियम पक्का असावा. रुग्णाचा ओळखू येईल असा चेहरा, खाटेचा क्रमांक, नाव कागदावर येऊ नये, आणि मोबाइलमधला फोटो समोर ठेवून काढू नये. आठवणीतून काढावे. आज पट्टी सोडताना कुठला रंग दिसला, हात कसा धरला होता, सलाइनच्या नळीवर खिडकीचा उजेड कसा पडला होता. आठवणीतून काढायला बसले की आपण काय पाहिले आणि काय पाहायचे राहून गेले, हे लगेच कळते. झालेले चित्र कुणाला दाखवायचे, फाडून टाकायचे की वहीत ठेवायचे, हे काढणाऱ्याने ठरवावे.